ताईच्या शेतात गुरुवारी नांगर चालणार नाही

ती. ताईस,

धाकट्या भावाचा उभ्याउभ्या नमस्कार. (एरवी वाकून केला असता. पण सध्या आपलं भांडण चालू आहे, आणि भांडणात आधी वाकतो तो हरतो, हे तूच मला लहानपणी कान धरून शिकवलं आहेस.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असशीलच. आज घ्यायची राहिली असेल तर हे पत्र बाजूला ठेव, आधी गोळी घे आणि मग वाच, कारण पुढचा मजकूर तसाच आहे. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, गुडघ्याला तेल लावा, पण शेजाऱ्यांचा सल्ला लावून घेऊ नका. आमच्याकडे सगळे ठीक. तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे, यावरून तीही बरी आहे असं समज. तुझी भाची परीक्षेचा अभ्यास करते आहे असं ती म्हणते. पुस्तक उघडं असतं, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. परवा तुझा फोन आला. खालचं शेत गुरुवारी नांगरून घ्यायचं ठरलं आहे, नांगऱ्या ट्रॅक्टर घेऊन येईल, तू मध्ये पडू नकोस, असं तू एका दमात सांगितलंस आणि मी "पण ताई" म्हणेपर्यंत फोन ठेवूनही दिलास. म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोनवर तू मला कधीच वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुझा इलाज नाही. (फाडता येतं म्हणा. पण तू पेपर तपासलेली बाई आहेस, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू कुठलाही कागद फाडणार नाहीस.) शेत तुझ्या नावावर आहे, मी फक्त कसतो, हे मला मान्य आहे. त्याबद्दल मी कधी हूं की चूं केलेलं नाही. पण गुरुवारी तिथे नांगर चालणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची पानं तुला निवांतपणे वाचता येतील.

तुझे कान कोणी भरले, ते विचारायची गरजच नाही. आपला चुलतभाऊ, नांगऱ्या. (हे नाव तूच ठेवलंस. तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून तो पाटीवर पेन्सिल इतकी दाबून ओढायचा, की अक्षर पुसलं तरी चर राहायचा. पुढे ट्रॅक्टर घेतल्यावर तेच काम त्याने मोठ्या प्रमाणावर सुरू केलं.) त्याने तुला तीन गोष्टी सांगितल्या असणार. शेत दोन वर्षं नांगरलेलं नाही, शेतात घोट्यापर्यंत केर साचला आहे, आणि माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरीबद्दल हवं तर तुझ्या भावजयीला विचार. पण ती गेली पंचवीस वर्षं तेच म्हणते आहे, तेव्हा त्याचा नांगराशी काही संबंध दिसत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तुला कोणी सांगितलेलं नसणार. दोन वर्षांपूर्वी शेतकी कार्यालयातल्या बाई आपल्या बांधावर आल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज तुझ्या तोडीचा. मी नेहमीप्रमाणे मक्याची वाळलेली ताटं गोळा करून पेटवायच्या बेतात होतो. त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली (विचारलंसुद्धा नाही), फावडं घेतलं आणि शेताच्या मधोमध हातभर खड्डा खणायला घेतला. वीतभर माती निघाली आणि मग फावडं ठण्णकन वाजलं. मला वाटलं, दगड. दगड नव्हता, मातीच होती, पण फरशीसारखी घट्ट. मक्याची मुळं तिथवर जाऊन आडवी वळली होती, बंद दारापाशी येऊन पाहुणा परत फिरावा तशी. वर्षानुवर्षं त्याच खोलीवर नांगर फिरला आणि वरून ट्रॅक्टरचं ओझं पडलं, की खाली असा थर बसतो, असं बाईंनी समजावलं. मग विचारलं, ही फरशी कोणी घातली? मी नांगऱ्याच्या घराकडे पाहिलं.

बाईंचं म्हणणं असं, की नांगर बंद करा, ताटं जाळू नका, बारीक तोडून तिथेच पसरा, त्यातूनच बी टोका, आणि मक्याच्या ओळींमध्ये घेवडा लावा, म्हणजे जमिनीचं पोट भरेल आणि ती झाकलेलीही राहील. आता ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला यातलं काडीइतकं पटलं नव्हतं. आपण आयुष्यभर स्वच्छ, काळंभोर, कंगवा फिरवल्यासारखं शेत पाहिलं. तसं नसलं की शेतकरी आळशी, असं आपल्या डोक्यात बसलेलं. मी बाईंना चहा पाजून वाटेला लावणार होतो. पण तेवढ्यात बांधावर उभा असलेला नांगऱ्या हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. आणि तिथेच माझा निर्णय झाला. लोक विचारतात, तुम्ही या नव्या शेतीकडे कसे वळलात, तर मी त्यांना मातीबद्दल आणि पुढच्या पिढ्यांबद्दल बरंच काही सांगतो. पण खरं कारण ते हसणं आहे.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली, हे मी स्वतःच सांगतो, म्हणजे नांगऱ्याला सांगायला काही उरणार नाही. बाईंनी बजावलं होतं की मका हातभर वाढल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी, घेवडा लावा, आणि लावा तोही बुटका, झुडपासारखा वाढणारा. मी म्हटलं, एकाच कामासाठी दोनदा कोण वाकतो? एकाच दिवशी, एकाच भोकात, मक्याचा एक दाणा आणि घेवड्याचा एक, असं सगळं शेत उरकून टाकलं. घेवडाही घरातलाच वापरला, तुझ्या भावजयीच्या डब्यातला. तो निघाला वेलाचा. तुला सांगतो, वेलाची ती जात मला कोणाची आठवण करून देत होती, हे मी इथे लिहीत नाही, कारण तुझी भावजय हे पत्र पाकिटात घालणार आहे. त्या वेलांनी आधी मका धरला, मग शेजारचा मका धरला, मग एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उड्या मारल्या. कणसं भरेपर्यंत शेताचं एकच मोठं हिरवं गाठोडं झालं होतं.

कणसं काढायला मी आत शिरलो तो दिवस मी विसरणार नाही. शिरताना काही वाटलं नाही. पंचवीस-तीस पावलं गेलो, पाचसहा कणसं मोडली, आणि वळायला गेलो तर वळता येईना. बाहीत वेल, बटणात वेल, चपलेच्या पट्ट्यात वेल. एक सोडवला की दोन अडकायचे. ओढून पाहिलं तर माझ्याबरोबर अख्खी ओळ हलायची आणि वरून तुऱ्यांचा भुसा डोळ्यांत पडायचा. तासभर मी तसाच उभा राहिलो. (बसताही येत नव्हतं.) शेवटी तुझ्या भावजयीला हाका मारल्या. ती विळा घेऊन आली, बांधावर उभी राहिली आणि विचारलं, नक्की कुठे आहात? मी म्हटलं, हे काय, हात वर करतो. तर हात वर होईना. ती आवाजाच्या अंदाजाने वेल कापत आत आली. मी सुटलो, पण शर्ट तिथेच राहिला. त्या संध्याकाळी सगळीकडे बातमी पसरली की मक्याने मालकाला धरून ठेवलं. तेव्हापासून मला लोक धसकट्या म्हणतात. म्हणू देत. वेलात अडकून शर्ट गमावलेल्या माणसाला नावाची काय भीती?

त्या वर्षी मका तिसरा हिस्सा कमी आला. (हेही नांगऱ्याने सांगितलं असेल, आणि हसून सांगितलं असेल.) तुझी भावजय म्हणाली, झाली हौस, आता सोडा. मी म्हटलं, चूक माझी होती, पद्धतीची नव्हती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या वर्षी मात्र मी अक्षरन् अक्षर पाळलं. मका गुडघ्याला लागल्यावर बुटका घेवडा लावला. ताटं हाताने, विळ्याने, वीत-वीत तोडली आणि पसरली. नांगऱ्या रोज ट्रॅक्टरवरून जाताना वेग कमी करायचा, पाहायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. मीही मुद्दाम त्याच वेळी शेतात जाऊन उभा राहायचो, हातात काही काम नसलं तरी.

मग तो मोठा पाऊस आला. एका दुपारी तीन तास असा कोसळला, की समोरचं घर दिसेना. उघडल्यावर मी छत्री न घेताच शेताकडे पळालो. ताटांच्या थराखाली बोट घातलं तर माती ओली, भुसभुशीत, आणि जागच्या जागी. मका उभा, घेवडा उभा. पण वरच्या बांधालगत मला काहीतरी नवीन दिसलं. तिथे आपल्या ताटांना टेकून वीतभर उंचीचा, मऊ, बारीक, लोण्यासारख्या मातीचा ढीग लागला होता, चांगला वीस पावलं लांब. वर पाहिलं तर नांगऱ्याच्या उतारावर चर पडले होते, त्याच्या पाटीवर पडायचे तसेच. त्याची वरची सगळी माती पाण्याबरोबर खाली आली होती आणि आपल्या केराने ती अडवून धरली होती. तासाभराने तो बांधावर आला. त्याने ढिगातली माती बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाला, ही माती माझी आहे. मी म्हटलं, असेल, पण आली ती स्वतःच्या पायांनी. न्यायची तर टोपली घेऊन ये. तो टोपली आणायला गेला नाही. ताई, तो तुला फोन करून माझ्या शेतातल्या केराबद्दल सांगतो, तेव्हा त्याच्या शेताचा एक तुकडा त्या केरातच आहे, हे सांगायला विसरतो.

आता शेतकरी सोसायटीतल्या प्रसंगाकडे येतो, कारण त्याची काहीतरी वेडीवाकडी आवृत्ती तुझ्यापर्यंत आली असणार. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, शिरून ती जी अळी आतून सगळं कुरतडते, तिच्यासाठी बाईंनी मला सापळे दिले होते. प्लास्टिकची पिशवी, वर झाकण, आणि झाकणाखाली एक गोळी. त्या गोळीला मादी पाखराचा वास असतो. आपल्याला येत नाही, पण नर पाखरांना लांबून येतो. ते भुलून येतात आणि पिशवीत पडतात; मग किती पडले ते मोजायचं, आणि आकडा वाढला तरच फवारणीचा विचार करायचा, उगाच नाही. गोळ्या थंड जागी ठेवायच्या असतात म्हणून आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात होत्या. (तुझ्या भावजयीने त्यावर चिठ्ठी लावली होती, "हे खायचं नाही". चिठ्ठी कोणासाठी होती, ते मी विचारलं नाही.) त्या दिवशी दुपारी मी सापळ्यांतल्या गोळ्या बदलल्या. पाकीट फोडलेल्या दोन गोळ्या उरल्या, त्या हातातच होत्या, त्या शर्टाच्या खिशात टाकल्या, आणि विसरलो.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हरांड्यात सभा होती. औषधाच्या दुकानदाराने बोलावली होती. टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला फुकट टोपी मिळत होती, आणि तीस-पस्तीस डोकी एकाच रंगाची होऊन बसली होती. मी टोपी घेतली नाही. (मनात होतं, टोपी चांगली होती. पण तत्त्वाचा प्रश्न होता.) दुकानदाराने भाषण सुरू केलं. आमचं औषध महिन्यातून तीनदा मारा, म्हणाला, या भागात ज्यांनी मारलं त्यांच्या शेतात आज एक पाखरू औषधाला सापडणार नाही. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, आणि जे न मारता केर पसरून बसले आहेत, ते सगळ्यांच्या मुळावर येणार आहेत. सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. शेतकी बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. दिवे नुकतेच लागले होते.

पहिलं पाखरू माझ्या खांद्यावर बसलं. मी झटकलं. दुसरं छातीवर बसलं. तिसरं आणि चौथं एकदमच आली. मी उभा राहिलो, तर तीही माझ्याबरोबर उठली. हळूहळू व्हरांड्यात सगळीकडून करडी पाखरं यायला लागली आणि सरळ माझ्या खिशाकडे यायला लागली. दुकानदार म्हणाला, दिव्यावर येतात हो. तेव्हा बाई पुढे आल्या, चष्मा लावला आणि मोजायला लागल्या. दिव्यावर दोन, माझ्यावर सतरा. मग त्यांनी माझ्या खिशात दोन बोटं घातली, गोळ्या बाहेर काढल्या, सगळ्यांना दाखवल्या आणि त्या कशाच्या ते सांगितलं. पुढचे चार क्षण मी इथे गाळतो. एवढंच सांगतो, की आपल्या शेजारच्या सुताराला हसताना खुर्चीवरून खाली उतरून बसावं लागलं.

दुसरा कोणी असता तर मेल्याहून मेल्यासारखा होऊन घरी गेला असता. मी गेलो नाही. अंगावर सतरा पाखरं घेऊन मी तिथेच बोललो. म्हटलं, हसून झालं असेल तर एक सांगा. माझं शेत इथून चांगलं लांब, ओढ्याच्या पलीकडे. या व्हरांड्याच्या तिन्ही बाजूंना शेतं तुमची, महिन्यातून तीनदा फवारलेली. मग ही सतरा जणं कोणाच्या घरून आली? एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी सांगितलं की माझ्या सापळ्यांत या हंगामात आकडा कमी निघाला, कारण घेवड्यात आणि ताटांत कोळी, मुंग्या आणि गांधीलमाश्या वस्तीला आल्या आहेत आणि त्या अंडी-अळ्या खातात. सगळं बंद होतं असं नाही, मलाही दोनदा फवारावं लागलं, पण दोनदाच. दुकानदार बाटल्या उगाचच सरळ लावत बसला. आणि तेव्हा नांगऱ्या उठला.

त्याचं बोलणं मी तुला नीट सांगतो, कारण ते मला लागलं. तो म्हणाला, तुझं कौतुक ऐकलं, पण उद्या सगळ्यांनी नांगर बंद केला तर मी ट्रॅक्टर घरात शोभेला ठेवू का? यावर कोणी हसलं नाही. मीही नाही. त्याचं पोट त्यावर आहे, हे मला कळतं. मी म्हटलं, ट्रॅक्टरला ताटं तोडायचं यंत्र जोड, मी विळ्याने तोडून मेलो आहे, पहिलं गिऱ्हाईक मी. त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्याने विचारलं, "शेत तुझं आहे का? ताईला विचारलंस का तिच्या जमिनीवर हे चाळे करायच्या आधी?" मी त्याला योग्य ते उत्तर दिलं आणि सभा संपली. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तुला फोन केला.

ताई, आता जरा गंमत बाजूला ठेवतो. तू नांगरायला सांगितलंस याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. तू त्याचं ऐकून, मला न विचारता सांगितलंस, याचं वाटलं. दोन वर्षं मी त्या शेतात वाकलो आहे. यंदा मका नांगऱ्याच्या बरोबरीने आला, कणभर जास्त नाही, हे मी खोटं बोलणार नाही. पण खत निम्मं लागलं, आणि पावसाने ताण दिला तेव्हा त्याचा मका दुपारी माना टाकायचा आणि आपला उभा होता. परवा मी बाईंसारखाच खड्डा खणला. फावडं वाजलं नाही. सरळ आत गेलं, आणि खाली गांडुळं होती. मी तिथे एकटाच उभा होतो, कोणाला दाखवावं तेही सुचेना. पहिल्यांदा तुझीच आठवण आली. नांगर फिरला की ही दोन वर्षं एका सकाळी उलटी होतील, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला माझ्याकडे किती वर्षं आहेत, ते तूही मोजू शकतेस.

तेव्हा माझं शेवटचं सांगणं एकच आहे. गुरुवारी ट्रॅक्टर आला तर मी त्याच्यासमोर आडवा होईन. मी कोणाला घाबरत नाही. नांगऱ्याला नाही, दुकानदाराला नाही, आणि (लिहिताना जरा हात थांबला, पण लिहितो) तुलाही नाही. भावोजींना नमस्कार. गोळी घेतली नसशील तर आता तरी घे.

तुझा,
आज्ञाधारक नसलेला
भाऊ

ता. क. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतो आहे. सोमवारी मिळेल. त्याच्याबरोबर घेवड्याच्या शेंगाही आहेत. बुटक्या जातीच्या आहेत, घाबरू नकोस.

ता. क. २ वर मी लिहिलं आहे की नांगऱ्याला योग्य ते उत्तर दिलं. तुझी भावजय म्हणते, ते उत्तर काय होतं ते लिहा, नाहीतर पत्र पाकिटात घालणार नाही. तर झालं असं, की अंगावर पाखरं, समोर पस्तीस टोप्या, आणि प्रश्न तुझ्या नावाने. माझ्या तोंडून निघून गेलं की हे सगळं मी ताईच्याच सांगण्यावरून करतो आहे, तिनेच दोन वर्षांपूर्वी ताटं जाळू नकोस म्हणून बजावलं, मी फक्त हुकमाचा ताबेदार. त्या व्हरांड्यातली निम्मी माणसं तुझ्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. सगळे खाली बघायला लागले. नांगऱ्या तर खालीच बसला. सभा माझ्या भाषणाने संपली नाही, तुझ्या नावाने संपली. मी सांगितलेल्या कुठल्याही मुद्द्याचा एवढा परिणाम झाला नव्हता.

ता. क. ३ तू माझ्याकडे हा विषय काढला नाहीस, तेव्हा नांगऱ्याने तुला फोनवर हे सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे त्याला ते खरं वाटलं नसावं आणि तो तुझी परीक्षा बघत असावा. किंवा खरं वाटलं असावं आणि तुझं मन तो वळवत असावा. दोन्ही बाबतींत तो बुधवारी पुन्हा फोन करेल. तेव्हा तू फक्त एवढंच म्हण: "हो, मीच सांगितलं होतं." चार शब्द. तुझ्या आवाजात. कारण विचारण्याची त्याची छाती होणार नाही. तू आयुष्यात खोटं बोललेली नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणूनच ते चालेल. आणि खोटं म्हणायचं तरी कशाला? दोन वर्षं उशिरा सांगितलंस, एवढंच.

ता. क. ४ नाही म्हणायचं असेल तर तसं कळव. गुरुवारी सकाळी मी आडवा होणार, ते ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. फक्त तू बुधवारी हो म्हणालीस, तर ट्रॅक्टरसमोर न होता मी आपल्या अंगणात, सतरंजीवर होईन.